ब्रेक ऑइलचं वय

बायकांनी गाडी चालवणं ही आता काही बातमी राहिलेली नाही. आमच्या कोल्हापुरात सकाळी सातला कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभ्या राहा, कितीतरी गाड्यांच्या स्टिअरिंगमागे आया दिसतील. माझ्या ओळखीत तर पन्नाशीनंतर ड्रायव्हिंग शिकलेल्या दोन आज्या आहेत. पण मैत्रिणींनो, एक विचारू? तुमच्यापैकी किती जणींनी आपल्या गाडीचं बॉनेट स्वतःच्या हाताने उघडलंय? गाडी बाईची, पण बॉनेट मात्र नवऱ्याचं, दिराचं, नाहीतर गॅरेजवाल्याचं! कुकरची रिंग सैल झालीय हे आपण शिट्टीवरून ओळखतो, मिक्सरचं भांडं गळायला लागलं की वॉशर आपणच बदलतो. गाडीच्या पोटात काय चाललंय ते मात्र आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

मला ते विचारायची वेळ आली ती कोइमतूरला, रेसच्या ट्रॅकवर. हसू नका!

‘ट्रॅक डे’ हा शब्द मीही लेकीच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकला. यात शर्यत नसते. नंबर नाही, बक्षीस नाही. शर्यती नसतील त्या दिवशी ट्रॅक फी घेऊन साध्या माणसांना खुला करतात. आपली रोजची गाडी घेऊन जायचं आणि समोरून कोणी येणार नाही, मध्येच म्हैस आडवी जाणार नाही अशा रस्त्यावर गाडी आणि आपण दोघं काय करू शकतो ते बघायचं. नवशिके, थोडे मुरलेले आणि पट्टीचे असे गट पाडतात. पंधरा-वीस मिनिटांचं एक सत्र, मग विश्रांती, मग पुन्हा सत्र.

लेकीला गेल्या वर्षी कोइमतूरमध्ये नोकरी लागली. पंपांचं आणि मोटारींचं गाव ते. तिचा संसार, म्हणजे गादी, शेगडी, कपाटभर पुस्तकं आणि आजीने दिलेला पोळपाट, पोचवायला मी माझी गाडी घेऊनच तिच्याबरोबर गेले. ही गाडी म्हणजे पाच वर्षांची साधी पेट्रोल हॅचबॅक. बचत गटांच्या बैठकांसाठी मी तिच्यातून गगनबावडा, शाहूवाडी पालथं घालते. लेकीच्या ऑफिसातल्या मुलामुलींनी तिथल्या ट्रॅकवर नाव नोंदवलेलं, त्यात हिनेही नोंदवलं. आणि स्वतःचं नोंदवता नोंदवता आईचंही!

‘‘अगं, मी काय करू तिथे?’’
‘‘गगनबावड्याला जातेस तेच कर. फक्त खड्डे नसतील.’’

मला पटावं म्हणून तिने मोबाइलवर पुण्याच्या डायना पंडोल यांची बातमी दाखवली. २०२४ साली त्यांनी कार रेसिंगमध्ये सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. शिवाय त्या आईही आहेत. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘हौस करा, पण हीच गाडी घरी यायचीय एवढं दोघींनी लक्षात ठेवा.’’ हे मात्र खरं होतं. गाडी यायची होती, आणि त्याआधी दुसऱ्याच दिवशी आम्ही उटीला जाणार होतो. उटी आहे सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, आणि पायथ्याचं मेट्टुपाळयम जेमतेम तीनशेच्या पुढे. म्हणजे येताना नुसती उतरणच उतरण.

चेट्टीपाळयमचा हा ‘करी मोटर स्पीडवे’ २००३ साली सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर. एस. करिवर्धन यांच्या नावाने तो ओळखला जातो. कोइमतूरच्याच या माणसाने मारुतीचं इंजिन वापरून परवडतील अशा रेसगाड्या बनवल्या आणि कित्येक पोरांना शर्यतीची दारं उघडून दिली. १९९५ साली ते विमान अपघातात गेले. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनही या परिसरातलाच. तिथल्या चहाच्या टपरीवरही इंजिनाच्या गप्पा चालतात, आपल्याकडे तालमीच्या चालतात तशा.

आदल्या रात्री मी एक काम केलं, विम्याचे कागद वाचले. समाजकार्याची ही सवय, बारीक अक्षर आधी वाचायचं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की संघटित शर्यत, वेगाची चाचणी असल्या वापराला विमा लागू नाही. म्हणजे ट्रॅकवर गाडीला काही झालं तर ते आपल्या खिशातून. हे माहीत असूनही जायचं का, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ठरलं, जायचं. पण गाडी जे म्हणेल ते ऐकायचं.

सकाळी गेल्या गेल्या तपासणी. तिला तिथे स्क्रुटिनी म्हणतात. गाडीत सुटं काही ठेवायचं नाही. पायाखालच्या मॅट काढा, डिकी रिकामी करा, स्टेपनी बाहेर, पाण्याच्या बाटल्या बाहेर. एक बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पुढची लिंबू-मिरची काढली. आता राहिला डॅशबोर्डवरचा गणपती! तपासणाऱ्या पोराने आधी त्याला हात जोडले आणि मग अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाला, ‘‘अम्मा, प्लीज…’’ गणपती माझ्या पर्समध्ये गेला. पुढे टोईंगचा हूक लावून घेतला, चाकांचे नट आवळून पाहिले, टायरमधली हवा मोजली. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बूट, डोक्याला हेल्मेट. हेल्मेटमध्ये अंबाडा मावत नाही, ही माहिती कोणत्याच पुस्तकात नसेल म्हणून इथे देते.

मग झेंड्यांचा वर्ग. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश आत या. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय, पिटमध्ये या. आपल्याआधी दुसऱ्याला बिघाड दिसू शकतो आणि त्यासाठी वेगळा झेंडा असतो, हे मला फार आवडलं.

चाळीसेक गाड्यांत बायका आम्ही दोघी धरून चार. गाडी एक आणि चालवणाऱ्या दोघी, म्हणून पहिलं सत्र लेकीचं ठरलं, दुसरं माझं. लेक आली ती लालबुंद होऊन, नुसती बोलतच होती. थोड्या वेळाने मी बसले. पहिल्या दोन फेऱ्या शेजारी प्रशिक्षक होता. त्याचं सांगणं साधं होतं. बॉनेटकडे बघू नका, लांब बघा. ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना मारा. चांगला जोरात मारा. रस्त्यावर आपण ब्रेक कुरवाळतो, इथे तसं नाही. तिसऱ्या फेरीला तो उतरला आणि मी एकटी निघाले. खोटं कशाला बोलू, मजा आली! सरळ पट्ट्यावर काटा शंभरीच्या पुढे गेला, बचत गट, गॅसचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या, डोक्यात काही काही उरलं नाही.

पुढच्या फेरीला त्याच पट्ट्याच्या टोकाशी ब्रेक दाबला. रोज जिथे ब्रेक लागतो तिथे काहीच लागलं नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसा पाय नुसता आत गेला. मऊ, भुसभुशीत. गाडी थोडी मंदावली, पण थांबायला हवी तशी नाही.

गगनबावड्याच्या एका म्हाताऱ्या जीपवाल्या काकांनी मला पूर्वी सांगितलं होतं, ‘‘ताई, पाय खाली गेला तर तिथंच दाबून बसू नका. उचला, मारा, उचला, मारा.’’ पाय आपोआप ते करायला लागला. तिसऱ्या-चौथ्या दाबाला पेडल थोडं वर आलं. गिअर एकेक करत खाली घेतले, इंजिन ओरडलं, ओरडू दे म्हटलं. गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेली आणि रस्त्यावरच राहिली. तिथे पलीकडे मोकळी जागा होती. दरी नव्हती, कठड्याचा दगड नव्हता, समोरून एसटी येत नव्हती. शिकवल्याप्रमाणे खिडकीतून हात वर केला आणि कडेकडेने, ब्रेकला शक्य तितका कमी त्रास देत, पिटमध्ये आले.

गाडी थांबली आणि सवयीने हात हँडब्रेककडे गेला, तर तीन-चार जण एकदम ओरडले, ‘‘नो हँडब्रेक!’’ ब्रेक तापलेले असताना आवळून ठेवले तर पॅड किंवा लायनर तिथेच चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. पुढच्या चाकांतून धूर येत होता आणि वास… करपलेल्या पोळीवर कोणी रबर जाळावं तसा. मी पाण्याची बाटली शोधायला लागले तर त्यालाही मनाई. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होते, तडकतेसुद्धा. तापलेल्या तव्यावर पाणी ओतल्यासारखंच की! बॉनेट उघडलं आणि वाट बघत बसलो.

मेकॅनिक आला आणि त्याने लेकीच्या ऑफिसातल्या मुलाला विचारलं, ‘‘सर, काय झालं?’’ तो बिचारा स्वतःची गाडी सोडून नुसता आमच्या मदतीला आलेला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मग मेकॅनिक माझ्याकडे वळला, आणि पुढचा तासभर त्याने मला जे समजावलं, ते पंचवीस वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी पदवी कलाशाखेची, फिजिक्सशी दहावीनंतर संबंध नाही. तरी मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘पेडल मऊ लागलं की कडक?’’ पेडल कडक आहे आणि गाडी मात्र थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर दोष ब्रेक ऑइलमध्ये. (गळतीनेही असं होतं, म्हणून त्याने आधी चारही चाकं आणि नळ्या तपासल्या. गळती नव्हती.) आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब चाकापर्यंत नेतं ते हे ऑइल. नावाला ऑइल, पण ते तेल नव्हेच. आणि त्याला एक खोड आहे, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तसंच. बऱ्याच गाड्यांत असतं ते ‘डॉट ४’ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ‘डॉट ३’चे आकडे २०५ आणि १४०. एकदा उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणजे आपला सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो आणि चाकापर्यंत काही पोचतच नाही! ब्रेक थंड झाले की पेडल पुन्हा बरंचसं ताठ होतं, म्हणून गॅरेजमध्ये नेलेली गाडी शहाण्या मुलासारखी वागते आणि ‘‘मॅडम, काही प्रॉब्लेम नाही’’ असं ऐकून आपण परत येतो.

आणि ब्रेक तापतात का? वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते. चाळीसवरून थांबणं आणि ऐंशीवरून थांबणं यात दुपटीचा नाही, चौपटीचा फरक. ट्रॅकवर तेच दर मिनिटाला. लांब घाटात वेग कमी असतो, पण पाय ब्रेकवरून उठतच नाही, म्हणजे गोळाबेरीज तीच.

त्याने छोट्या डब्यातलं ऑइल दाखवलं. ते असायला हवं फिकट पिवळसर. आमचं होतं काढ्यासारखं तपकिरी. त्याने पेनासारखं एक यंत्र बुडवलं, लाल दिवा लागला.

लेकीने गाडीतली सर्व्हिसची बिलं काढली. पाचही वर्षांची, न चुकता केलेली. कोल्हापुरातल्या सर्व्हिस सेंटरच्या (नाव लिहीत नाही) प्रत्येक यादीत ‘ब्रेक ऑइल तपासले’ पुढे टिचकी होती. तपासलं म्हणजे काय, तर डब्यात पातळी किती आहे ते पाहिलं. बदललं एकदाही नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात मात्र दर दोन वर्षांनी बदला असं छापलेलंच आहे. परत आल्यावर मी ती बिलं घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘‘मॅडम, लेव्हल बरोबर होती.’’ दूध नासलंय का विचारलं तर पातेलं भरलेलं आहे, असं उत्तर! त्याने पुढे विचारलं, ‘‘सर नाही आले?’’ ते एक असो.

तिथल्या तिथे ऑइल बदलायचं ठरलं. बाटली सीलबंदच हवी. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी पिऊनच बसलेली असते. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. मी ड्रायव्हरच्या सीटवर, मेकॅनिक चाकापाशी. तो ओरडायचा ‘‘अळुत्तु!’’ की मी पेडल दाबायचं. ‘‘पिडि!’’ म्हणजे धरून ठेवायचं. तो नट सैल करायचा, काळं ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत यायचे, नट बंद झाला की ‘‘विडु!’’ म्हणजे सोडायचं. आपल्याकडे याला ब्रेकची एअर काढणं म्हणतात. चार चाकं, अर्धा-पाऊण तास. माझं तमीळ या तीन शब्दांचंच आहे, पण पक्कं आहे. थोडं ऑइल पत्र्यावर सांडलं ते त्याने लगेच पाण्याने धुतलं, कारण ते रंग खातं.

पेडल पुन्हा दगडासारखं झालं. पॅड घासले होते, वरून चकचकीत झाले होते, पण उटीला पुरतील असं तो म्हणाला. लेकीचं एक सत्र अजून बाकी होतं. पैसे भरलेले, मैत्रिणी ट्रॅकवर, हिचे पाय थांबेनात. मी म्हटलं, तीन फेऱ्या, सावकाश, नवं पेडल अजमावण्यापुरत्या, आणि मग बस. तिचं तोंड उतरलं. ‘‘आई, तूच म्हणालीस ना मजा आली!’’ आली होती की. पण उद्याची उतरण मला दिसत होती. ती तीनच फेऱ्या मारून परत आली. ही शिस्त मला त्या सबंध दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटली, तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. शेवटच्या फेरीत ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश यायचं, म्हणजे वाऱ्याने गाडी थंड होते, हेही ती शिकून आली.

दुसऱ्या दिवशी उटीहून कुन्नूरमार्गे उतरताना एकेका नागमोडी वळणावर मी गप्प होते. आम्ही ट्रॅकवर गेलोच नसतो तर तेच काढ्यासारखं ऑइल घेऊन या उतारावर असतो. दोघीही गाडीत, मागे सामान, पुढे पर्यटकांची बस. इथे पेडल खाली गेलं असतं तर हात वर करून कोणाला दाखवणार? दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर आलो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा आपल्या घाटातल्या ड्रायव्हरांचा नियम तिथेही लागू. मध्ये दोनदा थांबलो, पेडल दाबून पाहिलं. ताठ होतं.

कोल्हापूरला आले आणि पहिलं काम केलं ते गगनबावड्याच्या बैठकीत. आमच्या गटांच्या बायका करूळ आणि भुईबावडा घाट उतरून कोकणात माल विकायला जातात, त्या भाड्याच्या जीपगाड्यांतून. एकेका गाडीत बारा-बारा जणी, वर गोणी. मी विचारलं, ‘‘ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय, कोणाला माहीत आहे?’’ बायका ड्रायव्हरांकडे बघायला लागल्या, ड्रायव्हर एकमेकांकडे. म्हाताऱ्या काकांनी मात्र तारीख सांगितली. बाकीच्यांची बॉनेटं तिथेच उघडली. दोघांचं ऑइल आमच्या काढ्यापेक्षा काळं होतं. एकाने ‘‘ताई, पातळी बघा, फुल आहे,’’ म्हणून दाखवली, तेव्हा गटातली एक जण पटकन म्हणाली, ‘‘पातळी नगं, वय सांग!’’

पुढच्या महिन्यापासून गटाने ठरवलं की ज्या गाडीत ऑइल बदलल्याची तारीख दिसेल त्याच गाडीला भाडं द्यायचं. आपण लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावतो तशी चिठ्ठी बॉनेटखालच्या त्या छोट्या डब्यावर लावायची. अक्षर बायकांचं. काकांच्या जीपवरची चिठ्ठी पावसाने पुसली, तर त्यांनी ऑइलपेंटने तारीख रंगवून आणलीय. बाकीच्या चिठ्ठ्यांवर आता चिकटपट्टी मारायची आहे.